जिथे डोळा, तिथे खोड

आमच्या घरात 'डोळा' हा शब्द माणसांपेक्षा झाडांच्या वाट्याला जास्त यायचा. सकाळी चहाच्या वेळी शेजारचे काका ओट्यावर टेकत विचारायचे, "फुटले का डोळे?" ती चौकशी बागेतल्या काड्यांवरच्या, कोंब फुटायच्या जागांची असायची. उसाच्या लागणीला मी पहिल्यांदा सरीत उतरले तेव्हा अण्णांनी शिकवलेली पहिली गोष्ट हीच: टिपरी, म्हणजे उसाचा तोडलेला तुकडा, आडवी ठेवायची आणि डोळे दोन्ही अंगांना आले पाहिजेत. डोळा खाली गेला तर कोंबाला वळसा घालून वर यावं लागतं आणि त्यात त्याचे दिवस जातात. हळदीचं बेणं निवडायला बसलं की आजीचं पालुपद असायचं, "डोळा दुखवू नगंस गं."

मिरज तालुक्यातलं आमचं गाव. घरची पिकं तीन: द्राक्ष, ऊस, आणि घरामागच्या तुकड्यात हळद. तिन्हींत बी पेरायचं नसतं, लावायचं ते खोड. शाळेत 'बी पेरलं की रोप उगवतं' असा धडा आला तेव्हा मला तो दुसऱ्या कुणाच्या तरी शेतातला वाटला होता. आमच्याकडे ज्वारी सोडली तर बियाण्याची पिशवी फारशी दिसायची नाही. दिसायच्या त्या काड्या, टिपऱ्या आणि गड्डे. आणि प्रत्येकावर आधी शोधायचा तो डोळा.

आषाढी एकादशीच्या आदल्या संध्याकाळी आजी सोप्यात सूप घेऊन बसायची. एका बाजूला बटाटे, दुसऱ्या बाजूला रताळी. मी तिसरी-चौथीत असेन. दोन्ही मातीतून येतात, दोन्ही उकडायची, दोन्ही उपासाला चालतात, मग ढीग दोन कशाला, असं मी विचारलं. आजीनं एक बटाटा माझ्या हातात दिला आणि माझा अंगठा धरून त्याच्यावरून फिरवला. "हितं खळगा लागतुय? त्यो डोळा. आता ह्ये बघ." रताळ्यावरून अंगठा सरळ घसरत गेला. लागली ती नुसती बारीक मुळांची केसरं. "ह्येला डोळं न्हाईत. ही मुळी. बटाटा मुळी न्हवं, त्यो खोडातला."

तिला हे लागणीमुळं माहीत होतं. बटाटा चिरून लावायचा तर प्रत्येक फोडीत एक तरी डोळा यायला हवा. रताळ्याच्या मात्र वेलाचे तुकडे लावतात. रताळं ओलीत पडून राहिलं तर त्यालाही कोंब येतात, पण ते बहुतेक देठाकडून, झुबक्यानं, वाट फुटेल तिथून येतात. त्यांची जागा आधी ठरलेली नसते. बटाट्याच्या डोळ्याची जागा ठरलेली असते, आणि ती कशी ठरते हे मला कळायला अकरावी उजाडावी लागली.

कॉलेजात सरांनी टेबलावर एक बटाटा ठेवला आणि विचारलं, मूळ की खोड? वर्गातून एका आवाजात उत्तर आलं, मूळ. मी हात वर करून म्हटलं, खोड, डोळे आहेत म्हणून. सर क्षणभर थांबले, मग फळ्याकडे वळून त्यांनी एक फांदी काढली. खोडाला पेरं असतात, दोन पेरांच्या मध्ये कांडं असतं, प्रत्येक पेरावर पान असतं आणि त्या पानाच्या बगलेत डोळा असतो. जमिनीच्या वर असो वा खाली, हिरवं असो वा पांढरं, लांब असो वा चेंडूसारखं फुगलेलं, ही मांडणी असेल तर ते खोड. मुळाला पेर नसतं.

मग त्यांनी काडेपेटीतल्या काड्या वाटल्या. टोकाकडून सुरुवात करून बटाट्याच्या एकेका डोळ्यात एकेक काडी खोचायची आणि काडीकाडीला दोरा गुंडाळत जायचं. दोरा गोल जिन्यासारखा बटाट्याभोवती फिरत गेला, फांदीवर पानं फिरत फिरत चढतात अगदी तसा. एका टोकाला डोळे दाट होते. तो शेंडा. दुसऱ्या टोकाला, जिथे बटाटा झाडाला लागलेला होता, तिथे ते विरळ होत गेले होते. प्रत्येक डोळ्याला लागून भुवईसारखी एक बारीक कड होती. झडून गेलेल्या इवल्या पानाची ती खूण. माझ्या हातात एक आखूड, गुबगुबीत फांदी होती. पिशवीतला बटाटा उजेडात राहिला की हिरवा का पडतो, तेही त्या दिवशी कळलं. फांदी असल्यामुळं उजेड मिळताच ती हरितद्रव्य तयार करू लागते. त्याच वेळी सोलानिनसारखी विषारी द्रव्यंही वाढतात, म्हणून हिरवा भाग कापून टाकायचा. रताळं पोत्याबाहेर कितीही दिवस राहिलं तरी तसं हिरवं होत नाही.

संध्याकाळी आजीला काड्या खोचलेला बटाटा दाखवला. तिनं तो हातात फिरवून बघितला, दोरा बोटानं चाचपला आणि म्हणाली, "ह्ये बाई लई चांगलं दावलं." तो बटाटा तिनं दोन दिवस देवळीत ठेवला होता.

'कंदमुळं' हा शब्द आपण एका दमात म्हणतो, पण त्यात दोन वेगळी घराणी आहेत. एकादशीच्या ताटात बटाटा आणि सुरण खोडाचे, रताळं मुळाचं. साबुदाण्याची गोष्ट आणखी वेगळी. मूळचा सागो आग्नेय आशियातल्या एका ताडवर्गीय झाडाच्या खोडातला गर. आपल्याकडे येतो तो टॅपिओकाच्या मुळापासून केलेला, बहुतेक तमिळनाडूतल्या सेलमकडचा. म्हणजे साबुदाणा इथे येईतो खोड सोडून मुळात गेला.

सेलम म्हटलं की आमच्याकडे मात्र हळदच आठवते, कारण आमच्या भागातली बरीचशी लागण त्या नावाच्या वाणाची. हळदीचं सगळं आयुष्य जमिनीखालच्या खोडात चालतं. अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला लागण करायची आणि आठ-नऊ महिन्यांनी पाला वाळून खाली बसला की काढायची. वर उभं दिसतं ते पानांच्या देठांनी एकमेकांना कवेत घेऊन केलेलं सोंग. खरं खोड मातीत, आडवं. कुदळीनं गड्डा उचलून झटकला की सगळं कुटुंब समोर येतं. मध्ये जेठा गड्डा, त्याला चिकटून बगल गड्डे, त्यांना फुटलेली हळकुंडं, आणि हळकुंडांनाही फुटलेली करंगळीएवढी पोरं. प्रत्येकाच्या अंगावर कडी असते. ती कडी म्हणजे पेर. कडीवर कांद्याच्या सालीसारखा वाळका पापुद्रा असतो. ते पान. पापुद्रा नखानं उचलला की खाली टोकदार, फिकट डोळा बसलेला असतो. आल्याचा तुकडा घेऊन हे कुणालाही स्वयंपाकघरात बघता येईल.

लग्नाच्या सामानाच्या यादीत 'लेकुरवाळी हळकुंडं पाच' असं लिहिलेलं असतं. ज्या हळकुंडाला बाजूनं लहान हळकुंडं फुटलेली असतात ते लेकुरवाळं. बगलेतला डोळा फुटून तिथे नवी फांदी तयार झाली, एवढीच ही घटना. तिला शास्त्रात लांबलचक संज्ञा आहेत आणि मी त्या पाठ केल्या, परीक्षेत लिहिल्या. पण 'लेकुरवाळं' हा शब्द ज्या बाईनं पहिल्यांदा उच्चारला असेल, तिनं गड्डा हातात घेऊन नीट बघितला होता. काढणीच्या वेळी आजी अशी हळकुंडं दिसतील तशी बाजूला काढायची, वाळवून पत्र्याच्या डब्यात ठेवायची आणि गावात कुणाच्याही घरी लग्न निघालं की न मागता पाच पाठवायची.

हळदीला फूलही येतं. भाद्रपदाच्या आसपास पानांच्या गर्दीत मध्येच पांढरट कणीस डोकं काढतं. पण त्यात बी सहसा धरत नाही. तिच्या पेशीत गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असतात, त्यामुळं बी धरताना जोड्या नीट जमत नाहीत. ही वाट बंद झाल्यावर उरते ती एकच, डोळ्याची. म्हणजे यंदा लावलेली हळद ही गेल्या वर्षीच्या हळदीची मुलगी म्हणता येत नाही. ती गेल्या वर्षीचीच हळद, तुकड्यातून पुन्हा उभी राहिलेली. आजीनं लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात माहेराहून अर्धं पोतं बेणं आणलं होतं. पुढे अण्णांनी सेलम लावली तरी आजीनं तिचा एक वाफा मोडू दिला नाही. मला हे सगळं शिकल्यावर एका दुपारी त्या वाफ्याच्या कडेला उभं राहून उमगलं की समोर हलणारं झाड हे तिच्या आईच्या वाफ्यातलंच झाड आहे. त्याच्यासारखं दुसरं नव्हे, तेच. तिची आई जाऊन चाळीस वर्षं झाली होती.

बेण्याचे गड्डे निवडून सावलीला, पाल्याखाली जायचे. उरलेली हळद काहिलीत. शिजवणीचा दिवस मला अजून नाकानं आठवतो. मातीचा, धुराचा आणि हळदीचा मिळून एक उग्र, जरासा कडसर वास पहाटेपासून गल्लीत भरायचा. काहिलीवर पोती झाकलेली, कडेनं पिवळा फेस वर येतोय, आणि अण्णा बारीक काडी हळकुंडात टोचून बघताहेत, आरपार गेली की शिजलं. हल्ली वाफेवर शिजवायचे ड्रम आले, वेळ निम्म्यावर आला, पण काम तेच. शिजल्यानं पिठूळपणा मोडतो, रंग आतपर्यंत सारखा पसरतो, वाळायला सोपं जातं. आणि डोळा मरतो. एकदा शिजलेलं हळकुंड कितीही पावसात ठेवलं तरी कोंब धरत नाही. म्हणून बेणं कुठलं आणि शिजवायचं कुठलं, हा निवाडा आजी दुसऱ्या कुणावर सोपवत नसे.

अशी वाळलेली हळद ठेवायला सांगलीला लागून असलेल्या हरिपुरात पेवं होती. कृष्णा आणि वारणेच्या संगमाजवळच्या तिथल्या जमिनीत खणलेले, अरुंद तोंडाचे आणि आत रुंद होत जाणारे हे खोल खड्डे. तोंड बंद करून माती लोटली की हळद वर्षानुवर्षं कीड न लागता राहायची. पेव उघडल्याबरोबर कुणी आत उतरत नसे, कारण आतली हवा कोंदलेली असते. आधी वारा खेळू द्यायचा, कंदील सोडून बघायचा, मग माणूस. 'पेव फुटणं' हा आपल्या तोंडातला वाक्प्रचार अशाच भरलेल्या पेवांवरून आला. २००५ च्या महापुरात पाणी पेवांत शिरलं आणि पोतीच्या पोती हळद आतल्या आत कुजली. त्यानंतर गोदामं आणि शीतगृहं वाढली, पेवं मागं पडली. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. ते मिळालं याचा आनंद आहेच, पण हरिपुरातून जाताना माझी नजर अजून जमिनीकडेच जाते.

उसाबद्दल लिहायला बसले तर हा लेख पुरणार नाही, तरी खोडव्याबद्दल सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. उसाचं पेर एकदा हातात घेऊन बघा. डोळा एक, पेरागणिक आळीपाळीनं एकदा या बाजूला, एकदा त्या. आणि डोळ्याच्या पातळीवर सगळ्या पेराभोवती बारीक ठिपक्यांचा पट्टा. ती उद्याची मुळं. म्हणजे एका बोटभर पेरात वर जाणारं आणि खाली जाणारं, दोन्ही आधीच तयार. अख्खा ऊस सरीत पुरला तर शेंड्याकडचे डोळे लवकर फुटतात आणि बाकीच्यांना मागं ठेवतात, म्हणून त्याच्या दोन-दोन डोळ्यांच्या टिपऱ्या करायच्या. तोडलं की दबलेला डोळा मोकळा होतो. आणि तोडणीनंतर जमिनीत राहिलेल्या बुडख्यांचे डोळे फुटून जे पीक येतं तो खोडवा. त्यानंतरचा निडवा. टोळी ऊस नेते, शेत उघडंबोडकं होतं, सगळीकडे पाचट पसरलेलं. अण्णा दुसऱ्या दिवशी कोयता घेऊन बुडखे जमिनीलगत छाटत जायचे. वरचे डोळे फुटले तर कोंब कमकुवत निघतात, जमिनीखालचे फुटले पाहिजेत. पंधरा दिवसांत पाचटातून हिरव्या सुया वर यायच्या. ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये, ही म्हण ज्यानं केली त्याला खोडवा ठाऊक असणार.

डोळ्याची ही खूण एकदा बसली की ती सगळीकडे लावून बघायची सवय लागते. कांदा उभा चिरला की बुडाशी जी कडक चकती सापडते, आपण काढून टाकतो ती, तेवढंच कांद्याचं खोड. बाकी सगळं पानांचं. केळीचा उंच बुंधा हा पानांच्या वेढ्यांचा. खोड म्हणजे जमिनीतला कंद, आणि त्याच्या डोळ्यांतून येतात ती पिल्लं, खानदेशात ज्यांना मुनवे म्हणतात. घड यायची वेळ आली की तेच खोड वेढ्यांच्या आतून चढत जाऊन शेंड्याला केळफूल बाहेर काढतं. दूर्वांची जुडी देवापुढे ठेवताना हात जोडले जातात. त्याच गवताला शेतात हरळी म्हणतात आणि तिच्या नावानं शेतकरी कळवळतो, कारण कुळवाच्या पासेनं तिचे जितके तुकडे होतील, त्यातल्या पेर असलेल्या जवळजवळ प्रत्येकाला नवी हरळी होता येतं.

बांधावरच्या फड्या निवडुंगाचा हिरवा फडा खोड आहे. कोवळ्या फड्यावर बारीक शंकूसारखी पानं येतात आणि थोड्याच दिवसांत गळून जातात. काट्यांचा झुबका जिथून निघतो तो ठिपका म्हणजे पुन्हा डोळाच, आणि ते काटे मूळचे पानाच्या जातीचे. अन्न शिजवायचं आणि पाणी साठवायचं, दोन्ही कामं खोडानं अंगावर घेतली. हा निवडुंग अमेरिकेकडून आलेला. दख्खनच्या माळांवर तो इतका माजला होता की १९२६ साली श्रीलंकेहून त्यावर जगणारा एक कीटक मुद्दाम आणून सोडला गेला, तेव्हा कुठं तो आटोक्यात आला.

काट्यांची गंमत याहून खोल आहे. गुलाबाचा काटा अंगठ्यानं दाबला की टचकन निघून येतो, तो फक्त सालीचा. बाभळीचा काटा पानाच्या बुडाशी असणाऱ्या उपपर्णांचा. करवंदाचा, डाळिंबाचा, बोगनवेलीचा काटा मात्र खोडाचा, आत लाकूड असलेला. डाळिंबाच्या काट्यावर कधीकधी पानं लागलेली दिसतात. माझ्याकडे आटपाडीकडची अशी एक फांदी आहे. लिंबाचा काटा पानाच्या बगलेत, डोळ्याला खेटून उभा असतो. तीही फांदीच, वाढ थांबवून टोकदार झालेली. २०२० साली येल विद्यापीठातल्या संशोधकांनी लिंबाच्या कुळातल्या झाडांची दोन जनुकं निकामी केली, तर काट्यांच्या जागी फांद्या आल्या. वाढणाऱ्या पेशींना 'आता पुरे' असं सांगणारी ती जनुकं होती. हे मी ज्या दिवशी वाचलं त्या रात्री झोप लागेना. परसातल्या लिंबानं इतकी वर्षं माझे हात ओरबाडले होते, आणि त्यातला प्रत्येक काटा म्हणजे थांबवलेली फांदी होती.

आता द्राक्ष. इथे माझा हात जरा जड होतो.

द्राक्षाच्या वेलाला पानाच्या बरोबर समोरून एक तार फुटते. ती हवेत चाचपडत फिरते, काही लागलं की त्याला वेटोळं घालते आणि पुढे लाकडासारखी कडक होते. तिला आमच्याकडे बाळी म्हणतात. काडी नीट बघितली तर दोन पेरांवर बाळी, तिसऱ्यावर काही नाही, पुन्हा दोन पेरांवर बाळी, असा ठेका असतो. घडही पानासमोरच, त्याच जागी येतो. कारण बाळी आणि घड मुळात एकच. खोडाच्या एकाच उंचवट्यातून दोन्हींपैकी काहीही होऊ शकतं. डार्विननं १८६५ साली वेलींबद्दल लिहिताना द्राक्षाचा तार आणि फुलोऱ्याचा दांडा यांच्यामधल्या पायऱ्या नोंदवल्या आहेत. आमच्या भागात ही गोष्ट बागायतदार दोन शब्दांत सांगतो: घड जिरला. म्हणजे घडाच्या जागी बाळी आली.

थंड मुलखात वेल हिवाळ्यात झोपतो आणि वर्षातून एकदा छाटला जातो. आपल्याकडे तो झोपतच नाही, म्हणून छाटण्या दोन. एप्रिलमध्ये खरड छाटणी, जुनी काडी एक-दोन डोळ्यांवर आणून नव्या काड्या वाढवायच्या. ऑक्टोबरच्या सुमाराला फळछाटणी, त्या काड्यांच्या योग्य डोळ्यावर कात्री लावून घड बाहेर काढायचे. घड दिसतो दिवाळीच्या आगेमागे, पण तो ठरतो मे-जूनमध्ये, डोळ्याच्या आत, कुणालाही दिसत नसताना. त्या दिवसांत काडीला ऊन मिळालं, डोळ्यात अन्न साठलं, सायटोकायनिन या वाढीच्या संप्रेरकाचं पारडं जड राहिलं, तर तो उंचवटा फांद्या-उपफांद्या करत घडाच्या वाटेनं जातो. ढग दाटून राहिले, पाणी आणि नत्र जास्त झालं, काडी नुसती सरसर पळत सुटली, जिबरेलिन या दुसऱ्या संप्रेरकाचं पारडं जड झालं, की बाळी. २००२ साली ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी पिनो म्युनिए या वाणातून मिळालेल्या एका बुटक्या वेलाबद्दल प्रसिद्ध केलं. त्याला जनुकातल्या एका बदलामुळं जिबरेलिनचा सांगावाच कळत नव्हता. त्या वेलावर, जिथं तार यायचे तिथं सगळीकडे घड आले होते.

मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना मे संपता संपता आभाळ भरून आलं आणि जवळजवळ महिनाभर तसंच राहिलं. पाऊस थोडा, ढग फार. अण्णा रोज बागेतून येऊन काही न बोलता जेवायला बसायचे. ऑक्टोबरमध्ये छाटणी झाली, डोळे फुटले, सगळे एका वेळी, एकसारखे, बघत राहावं असे फुटले. मी दिवाळीच्या सुट्टीला घरी आले तेव्हा नवी फूट वीतभर झाली होती. अण्णांनी मला बागेत नेलं. चौथ्या-पाचव्या पानासमोर जिथं घड लोंबायला हवा, तिथं तार होती. पुढच्या वेलावर तार. त्यापुढच्या. आमच्याकडे एका वेलावर तीस-पस्तीस घड राखतात, त्या साली आम्ही मोजत गेलो तेव्हा आठ भरले, दहा भरले, कुठं चारच. काही जागी अर्धवट होतं. तारेलाच दोन-तीन मणी, म्हणजे घड व्हायला निघालेलं आणि वाटेत राहिलेलं. अण्णांनी त्यातली एक बाळी तोडून माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, "तुझ्या पुस्तकात ह्याला काय म्हणतात?" मी नाव सांगितलं. त्यांनी मान हलवली. ती बाळी तिच्या तीन मण्यांसकट माझ्या वहीत अजून आहे. वाळून तपकिरी झाली आहे. त्या वर्षीच्या पीककर्जाचा हप्ता आजीच्या पाटल्यांतून गेला.

पुढच्या जूनमध्ये मी खरड छाटणीनंतर वाढलेल्या काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून कॉलेजात नेल्या. बागायतदार ऑक्टोबरच्या आधी डोळे तपासून घेतात, कुठल्या डोळ्यावर छाटायचं ते त्यावरून ठरतं. मला त्याआधीचं बघायचं होतं, ठरत असतानाचं. बाईंनी वापरायला सूक्ष्मदर्शक दिला आणि शेजारी बसून राहिल्या. पहिले चार डोळे मी सुईनं फाडून टाकले. पाचवा जमला. वरचे तपकिरी खवले काढले, त्याखाली कापसासारखी लव, ती बाजूला केली. आत एकाच डोळ्यात तीन डोळे होते, एक मोठा मधला आणि दोन राखीव, मधल्याला काही झालं तर पुढं येणारे. मधल्याच्या आत एकात एक बसलेली पानं, पारदर्शक, हिरवटसर. आणि शेवटच्या पानासमोर एक गोल, चकचकीत, पाण्याच्या थेंबासारखा उंचवटा. त्याला नुकतीच एक फट पडायला लागली होती. बाईंनी बघितलं. बराच वेळ बघितलं. "इतकं लवकर सांगता यायचं नाही," त्या म्हणाल्या. "अजून ठरलेलं नाही."

संध्याकाळी वसतिगृहाच्या फोनवरून घरी लावला. पलीकडे अण्णाच होते, माझ्या फोनचीच वाट बघत असल्यासारखे.

"घड हाय का बाळी?"

"अजून ठरलं नाही, अण्णा. आत्ता कुठं फट पडतीय."

थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मागं कुठंतरी कोंबडी ओरडत होती.

"ऊन मिळालं तर घडाकडं जाईल?"

"जाईल. डोळ्यावर ऊन पडलं पाहिजे."

"मग बगलफुटी काढतो सगळ्या. पानांची दाटी झालीया लई." आणि फोन तसाच आजीच्या हातात देऊन ते कात्री शोधायला गेले. आजी फोनमध्ये काही बोलेना, नुसता तिचा श्वास ऐकू येत होता, आणि तिच्या मागं अण्णांचा आवाज, कात्री कुठं ठेवलीय म्हणून विचारणारा.